साखरा येथील एक चकमकी बंदूक व तिजवरील शक

हिंगोली जिल्ह्यांत सेनगांव तालुक्यांतील साखरा येथें एका घरीं दसऱ्याच्या शस्त्रपूजेंत मांडली जाणारी एक बंदूक प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यांत आली. ती पूर्वजांनीं पानिपतावरून आणली असें त्या घरीं मानतात, व प्रमाणादाखल तिजवरील लेख दाखवितात : ‘शके १६८२ दुर्मुख नाम संवत्सरे’. पानिपतचा संग्राम शके १६८२ पौष शुद्ध ८, म्हणजे १४ जानेवारी १७६१ रोजीं झाला. तेव्हां शक बरोबर जुळतो. संवत्सर मात्र जुळत नाहीं.

शकांत बारा मिळवून साठांनीं भागल्यास बाकीवरून प्रभवादि संवत्सर निघतो. १६८२ ची बाकी १४, अर्थात् विक्रम. दुर्मुख तिसावा. एखाददुसऱ्या वर्षाची चूक खोदणाऱ्याच्या माथीं मारतां येते. सोळा वर्षांची नव्हे. भिंगानें पाहतां अखेरच्या तीन अंकांखालीं पितळ खरवडून खोलगट झालेलें दिसतें. पहिला अंक व संवत्सराचीं अक्षरें मूळ पातळीवर आहेत. शाळेंत पोरें उत्तर खोडून नवें लिहितात व वरची रीत तशीच ठेवतात, त्यांतलाच हा प्रकार.

मग मूळ शक कोणता? दुर्मुख संवत्सर शके १६९८ त आला, व पुन्हां १७५८ त. येथें बंदूकच साक्ष देते. तोड्याऐवजीं चकमक आहे एवढ्यावरून ती पानिपतास नसावी असें कोणी म्हणूं नये. इब्राहिमखानाच्या गारद्यांजवळ चकमकी बंदुका होत्या. पण हिच्या चापावर मुकुट धरून उभा राहिलेला कंपनी सरकारचा सिंह आहे. कंपनीच्या हत्यारांवर पूर्वीं हृदयाकृति छाप असे. सिंह आला तो इ. स. १८०८ च्या सुमारास. लेखाची पितळी पट्टी चापाच्या उलट अंगास असून चाप आवळणारे दोन्ही स्क्रू तिच्यांतूनच गेले आहेत. पट्टी त्याच चापासाठीं घडली हें उघड आहे. सबब १६९८ बाद होऊन शके १७५८, इ. स. १८३६-३७, हाच उरतो.

नळी मात्र कंपनीची नाहीं. ती जौहरदार देशी लोखंडाची असून कानाजवळ रंजकाची जुनी वाटी कापून कानशीनें साफ केल्याची खूण आहे. म्हणजे पूर्वीं ही तोड्याची बंदूक होती. हिंगोलीस निजामाच्या कंटिंजंट फौजेची छावणी १९०३ पर्यंत होती. तेथून मोडीत निघालेला एखादा चाप या बाजूच्या कारागिराच्या हातीं येणें अवघड नव्हतें. शके १७५८ हा त्या जोडकामाचा शक होय.

हें सांगतां मालकांस वाईट वाटलें, व मलाही. परंतु पट्टी बनावट नाहीं, तीन अंक बनावट आहेत. नळी पानिपताइतकी जुनी असूंही शकेल. तें त्या लेखावरून मात्र म्हणतां येणार नाहीं. पुढल्या दसऱ्यास चिंच लावून पट्टी उजळावी असा त्यांचा विचार होता. तेणें खरवडीची खूण पुसट होईल, म्हणून मीं त्यांस परावृत्त केलें व पट्टीचे दोन कागदी ठसे घेऊन ठेविले.