निकाल बरोबर आला म्हणून पद्धत बरोबर होती का? गॅलप यांच्या जनमत चाचण्यांची गोष्ट

संशोधन पद्धतीचं पुस्तक उघडा आणि नमुना निवडीचं प्रकरण काढा. बहुतेक ठिकाणी तुम्हाला 1936 ची अमेरिकन अध्यक्षीय निवडणूक भेटेल. गोष्ट अशी सांगितली जाते: 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने प्रचंड मोठी चाचणी घेतली आणि ते साफ तोंडावर आपटलं. जॉर्ज गॅलप नावाच्या माणसाने त्यापेक्षा कितीतरी लहान नमुना घेतला आणि तो जिंकला. तात्पर्य, नमुन्याचा आकार नव्हे तर प्रातिनिधिकता महत्त्वाची. परीक्षेत एवढं लिहिलं की गुण मिळतात.

तात्पर्य चुकीचं नाही, पण गोष्ट अर्ध्यावर थांबवलेली आहे. तुम्ही संशोधनाच्या वाटेवर असाल तर उरलेली अर्धी गोष्ट जास्त कामाची आहे.

आधी हा माणूस कोण ते पाहू. गॅलप यांचा जन्म 1901 चा, आयोवा राज्यातल्या जेफरसन गावचा. आयोवा विद्यापीठातून 1928 मध्ये त्यांनी पीएचडी मिळवली. विषय राजकारणाचा नव्हताच. वर्तमानपत्रात लोक नेमकं काय वाचतात हे कसं मोजायचं, हा त्यांचा प्रश्न होता. नुसतं विचारलं तर लोक भारदस्त उत्तर देतात. म्हणून अंक समोर ठेवून, पानापानावर बोट ठेवून 'हे वाचलंत का?' असं विचारायची पद्धत त्यांनी काढली. जाहिरातदारांना अशी माहिती सोन्यासारखी. 1932 मध्ये 'यंग अँड रुबिकॅम' या जाहिरात कंपनीने त्यांना न्यूयॉर्कला नेलं. 1935 मध्ये त्यांनी 'अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक ओपिनियन' सुरू केली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरपासून त्यांच्या चाचण्यांचं सदर वर्तमानपत्रांतून येऊ लागलं. सदराचं नाव होतं 'अमेरिका स्पीक्स', म्हणजे अमेरिका बोलते आहे. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता प्रश्न असा, की बाजाराचं संशोधन करणारा माणूस निवडणुकीच्या भानगडीत पडला कशाला? इथे धंद्याचं एक गणित आहे. कोणती टूथपेस्ट लोकांना आवडते हे तुम्ही सर्वेक्षणातून सांगितलं, तर ते खरं की खोटं हे कोण तपासणार? झाकली मूठ सव्वा लाखाची. निवडणुकीत मात्र मतमोजणीचा दिवस येतो आणि मूठ सगळ्या देशासमोर उघडते. अंदाज बरोबर ठरला तर पद्धतीची फुकटात जाहिरात होते. त्याच काळात निवडणुकीचे अंदाज देणारे एल्मो रोपर आणि आर्चिबाल्ड क्रॉसली हे दोघेही बाजार संशोधनातूनच आले होते, हा योगायोग नाही.

गॅलप यांनी 1936 मध्ये सगळं पणाला लावलं. आपला अंदाज 'डायजेस्ट'पेक्षा वाईट निघाला तर पैसे परत, अशी हमी त्यांनी वर्तमानपत्रांना दिली होती. समोरचा प्रतिस्पर्धी साधा नव्हता. 1920 ते 1932 या काळातल्या चारही अध्यक्षीय निवडणुकांत 'डायजेस्ट'ने विजेता बरोबर सांगितला होता. 1936 मध्ये त्यांनी सुमारे 1 कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या. पत्ते मुख्यतः टेलिफोनच्या याद्या आणि मोटारगाड्यांच्या नोंदणीतून घेतलेले, म्हणजे मंदीच्या काळात ज्यांना या गोष्टी परवडत होत्या त्यांचे. सुमारे 23 लाख मतपत्रिका भरून परत आल्या. अंदाज निघाला: रिपब्लिकन पक्षाचे आल्फ लँडन 57 टक्के, डेमोक्रॅटिक पक्षाचे फ्रँकलिन रूझवेल्ट 43 टक्के. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांना सुमारे 61 टक्के मतं मिळाली. 'डायजेस्ट' 1938 मध्ये बंद पडलं आणि गॅलप हे नाव घरोघरी पोचलं.

पाठ्यपुस्तकातली गोष्ट बहुतेक वेळा इथे संपते. आपण मात्र गॅलप यांचे आकडे पुन्हा पाहू. त्यांचा अंदाज होता रूझवेल्ट 56 टक्के. म्हणजे विजेता बरोबर, पण चूक जवळपास 5 टक्क्यांची, आणि तीही त्याच दिशेने! 'डायजेस्ट'सारखंच गॅलप यांनीही रिपब्लिकन पक्षाला जास्त मोजलं होतं.

एकदा झालं तर योगायोग म्हणता येईल. म्हणून रिपब्लिकन मतांचा अंदाज आणि प्रत्यक्ष टक्केवारी ओळीने मांडून पाहा. 1936: अंदाज 44, प्रत्यक्षात 38 च्या आत. 1940: अंदाज 48, प्रत्यक्ष 45. 1944: अंदाज 48, प्रत्यक्ष 46. तीन निवडणुका, आणि तिन्ही वेळा चूक एकाच बाजूला. चूक नुसती नशिबाची असती तर कधी इकडे, कधी तिकडे पडली असती. एकाच बाजूला पडत राहिली, याचा अर्थ तराजूच एका बाजूला कललेला होता. तरी कोणाला फारशी काळजी वाटली नाही, कारण तिन्ही वेळा रूझवेल्ट मोठ्या फरकाने जिंकले आणि त्या फरकाखाली चूक झाकली गेली.

तराजू कलला का? गॅलप यांची पद्धत कोट्याची होती. मुलाखतकाराला सांगितलेलं असायचं, की इतके पुरुष, इतक्या बायका, चाळिशीच्या आतले इतके, इतकं घरभाडं भरणारे इतके. 1948 मध्ये सेंट लुईस शहरातल्या एका मुलाखतकाराच्या वाट्याला 13 माणसं आली होती आणि त्यांची अशी बारीक वाटणी ठरवून दिलेली होती. वरवर पाहता हा देशाचा छोटा नकाशाच वाटतो. पण कोट्याच्या आत नेमकं कोणाला विचारायचं हे मुलाखतकाराच्या हातात होतं. तुम्ही स्वतः प्रश्नावली घेऊन फिरलात तर काय कराल? नीटनेटक्या घरात जाल, बोलायला तयार असलेल्या माणसाला गाठाल, भकास चाळीचे चार जिने चढायचं टाळाल. मुलाखतकारांनीही तेच केलं. त्यामुळे प्रत्येक कप्प्यात जरा बऱ्या स्थितीतली माणसं जास्त आली, आणि ती रिपब्लिकन पक्षाकडे जास्त झुकलेली होती.

दुसरी वाट तेव्हा नव्हती असं नाही. यादृच्छिक निवड का हवी, याची गणिती मांडणी येर्झी नेमन यांनी 1934 मध्येच केली होती. आपल्याकडे प्रशांतचंद्र महालनोबिस 1937 पासून बंगालमधल्या तागाच्या लागवडीची यादृच्छिक नमुन्याने मोजणी करत होते. पण त्या पद्धतीत ठरलेल्या घरी पुन्हा पुन्हा जावं लागतं. त्यात वेळ आणि पैसा जातो. वर्तमानपत्रांना आकडे लवकर हवे होते, आणि कोटा स्वस्त होता.

मग 1948 उजाडलं. गॅलप यांचा अंतिम अंदाज: रिपब्लिकन थॉमस ड्यूई 49.5 टक्के, हॅरी ट्रुमन 44.5 टक्के. रोपर यांना तर ड्यूईंच्या विजयाची इतकी खात्री, की त्यांनी सप्टेंबरमध्येच चाचण्या थांबवल्या. प्रत्यक्षात ट्रुमन यांना 49.5 आणि ड्यूईंना 45 टक्के मतं पडली. आकडे नीट पाहा. या वेळची चूक 1936 पेक्षा मोठी नव्हती. पद्धत तीच, चुकीची दिशा तीच. फक्त लढत अटीतटीची होती, म्हणून झाकलेलं उघडं पडलं. सोशल सायन्स रिसर्च कौन्सिलने लगेच समिती नेमली. तिच्या 1949 च्या अहवालात दोन प्रमुख कारणं पुढे आली: नमुना आणि मुलाखतीतले दोष, आणि शेवटच्या दिवसांत मन बदलणाऱ्या व कुंपणावरच्या मतदारांकडे झालेलं दुर्लक्ष. त्यानंतर गॅलप यांची संस्था हळूहळू यादृच्छिक पद्धतीकडे वळली.

इथपर्यंतची चूक निदान मतमोजणीने पकडली. आता ज्या चुकीला मतमोजणी पकडूच शकत नाही ती बघा. गॅलप यांना मतदारांचा कौल बरोबर सांगायचा होता, म्हणून नमुना मतदान करणाऱ्यांचा असावा असं त्यांनी ठरवलं. बायका कमी मतदान करतात म्हणून नमुन्यात बायका कमी. दक्षिणेकडच्या राज्यांत कृष्णवर्णीयांना मतदान करूच दिलं जात नव्हतं, म्हणून तिथले कृष्णवर्णीय नमुन्यातून जवळपास गायब. निवडणुकीच्या अंदाजापुरतं हे चालून जातं. पण याच नमुन्याला बेकारीबद्दल, सरकारी मदतीबद्दल, युद्धाबद्दलही विचारलं गेलं आणि उत्तरं छापून आली ती 'अमेरिका बोलते' या मथळ्याखाली. ज्यांचं मत पेटीत पडू दिलं नाही, त्यांचं मत मग प्रश्नावलीतही पडलं नाही. आज 1930-40 च्या दशकांवर काम करणारे अभ्यासक ही आकडेवारी वापरतात तेव्हा त्यांना आधी भारांक लावून ती सावरून घ्यावी लागते. आणि जे नमुन्यात फारसे आलेच नाहीत, त्यांच्या बाबतीत भारांकही हात टेकतो.

म्हणून तुमच्या आराखड्यातलं पद्धतीचं पान लिहाल तेव्हा स्वतःला तीन प्रश्न विचारा. एक, माझा निष्कर्ष अपेक्षेप्रमाणे आला, पण चुका एकाच बाजूला पडताहेत का? दोन, नमुन्यातला शेवटचा माणूस कोण निवडतंय, चिठ्ठी की माझी सोय? तीन, हा नमुना ज्या प्रश्नासाठी बांधला, त्याच प्रश्नासाठी मी तो वापरतोय ना? जुनी सर्वेक्षणं, जनगणनेचे तक्ते, सरकारी अहवाल, काहीही वापरत असाल तरी तिसरा प्रश्न सोडू नका.

आपल्यापैकी बहुतेकांच्या विषयाला मतमोजणीचा दिवस नसतो. आपली मूठ झाकलेलीच राहते. गॅलप यांना दर चार वर्षांनी देशासमोर परीक्षा द्यावी लागत होती, तरी तराजूचा कल दिसायला बारा वर्षं गेली. आपल्याला तो स्वतःच शोधावा लागणार.