फ्रेंच कनेक्शन २

फ्रेंच कनेक्शन २ हा १९७५ साली प्रदर्शित झालेला अमेरिकन गुन्हेपट आहे. जॉन फ्रँकनहायमर दिग्दर्शित हा चित्रपट विल्यम फ्रीडकिन यांच्या द फ्रेंच कनेक्शन (१९७१) या पाच ऑस्कर पुरस्कार मिळवणाऱ्या चित्रपटाचा पुढील भाग आहे. पहिला चित्रपट न्यू यॉर्क पोलिसांच्या एका प्रत्यक्ष तपासावर बेतलेला होता. या भागाची कथा मात्र काल्पनिक आहे.

कथानक

हेरॉइनचा तस्कर अलँ शार्निए (फर्नांदो रे) न्यू यॉर्कमधून निसटल्यानंतर डिटेक्टिव्ह जिमी 'पॉपाय' डॉयल (जीन हॅकमन) त्याच्या शोधात फ्रान्समधील मार्सेल येथे येतो. त्याला फ्रेंच भाषा येत नाही आणि इन्स्पेक्टर बार्तेलेमी (बर्नार फ्रेसाँ) यांच्याशी त्याचे सतत खटके उडतात. शार्निएला उघड्यावर आणण्यासाठी आपला आमिष म्हणून वापर होत आहे, याची डॉयलला कल्पना नसते. शार्निएचे हस्तक त्याचे अपहरण करतात आणि पोलिसांकडील माहिती काढण्यासाठी त्याला वारंवार हेरॉइनची इंजेक्शने देतात. व्यसनाधीन झालेल्या डॉयलला अखेर पोलीस मुख्यालयासमोर टाकून दिले जाते. बार्तेलेमी त्याला कोठडीत ठेवून गुप्तपणे व्यसनमुक्त करतात. त्यानंतर डॉयल शार्निएचा माग काढतो. बंदरातील दीर्घ पाठलागाने चित्रपटाचा शेवट होतो.

व्यक्तिचित्रण

पहिल्या भागातील डॉयल हा उद्दाम, वर्णद्वेषी आणि ध्येयाने झपाटलेला पोलीस आहे; त्याच्या अंतरंगाविषयी प्रेक्षकाला फारसे कळत नाही. दुसऱ्या भागात भाषा, अधिकार आणि शेवटी स्वतःच्या शरीरावरील ताबा असे त्याचे एकेक आधार नाहीसे होतात. ज्या पदार्थाविरुद्ध तो लढत असतो, त्याचाच तो गुलाम बनतो. व्यसन सुटतानाच्या यातना दाखवणारी कोठडीतील दृश्ये हा चित्रपटाचा गाभा मानली जातात. त्यांपैकी एका दृश्यात तो तरुणपणी बेसबॉल खेळाडू होण्याच्या केलेल्या प्रयत्नाविषयी बोलतो. बार्तेलेमींना मात्र त्या खेळाची माहिती नसते. तरीही डॉयलचा मूळ स्वभाव बदलत नाही. बरा होताच ज्या हॉटेलात त्याला डांबले होते, ते तो पेटवून देतो.

निर्मिती

पटकथा अलेक्झांडर जेकब्स, रॉबर्ट डिलन आणि लॉरी डिलन यांची, छायाचित्रण क्लोद रन्वार यांचे, तर संगीत डॉन एलिस यांचे आहे. चित्रीकरण मार्सेल येथे झाले. फ्रँकनहायमर यांनी यापूर्वी द ट्रेन (१९६४) हा चित्रपटही फ्रान्समध्ये चित्रित केला होता.

प्रतिसाद

पहिल्या भागाच्या तुलनेत या चित्रपटाला संमिश्र प्रतिसाद मिळाला. हॅकमन यांच्या अभिनयाची मात्र प्रशंसा झाली. या भूमिकेसाठी त्यांना गोल्डन ग्लोब आणि बाफ्टा या पुरस्कारांसाठी नामांकन मिळाले.