किंगरीवरची वंशावळ

आपल्या कुळाचा मूळ पुरुष कोण, तो कोठून आला, हें जाणण्याची हौस पुष्कळ सुशिक्षित घरांत आढळते. अशा हौशी गृहस्थाचीं पावलें प्रथम नाशिक-त्र्यंबकेश्वराकडे वळतात. तेथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पणजोबांचें नांव दिसलें कीं प्रवासाचें सार्थक होतें. वऱ्हाडांतील देशमुख-देशपांड्यांच्या घरीं वतनाचे कागद असतात. यवतमाळकडील कागद धुंडाळतांना मात्र एक गोष्ट ध्यानांत ठेवावी लागते. हा जिल्हा १९०५ पूर्वीं वणी या नांवानें ओळखला जाई, आणि पुसद तालुका त्या वर्षापर्यंत वाशिम जिल्ह्यांत होता. चुकीच्या दप्तरांत शोधणाराच्या हातीं निराशाच येते.

परंतु याच जिल्ह्यांत कागदावांचून राखलेली एक वंशावळ आहे. केळापूर, वणी, मारेगांव या भागांत गोंडांची जुनी वस्ती आहे. त्यांचीं कुळें चार, पांच, सहा व सात देवांच्या गटांत वांटलेलीं असून एका गटांतल्या कुळांत आपसांत सोयरीक होत नाहीं. तेव्हां कुळ ठाऊक असणें ही तेथें फावल्या वेळची करमणूक नव्हे. लग्नाचा पहिला प्रश्नच तो असतो.

हें ज्ञान राखण्याचें काम परधानांकडे आलें. परधानाचीं यजमान घराणीं वंशपरंपरेनें ठरलेलीं असत. कुलदेवाची पूजा वा उत्तरक्रिया असली म्हणजे तो किंगरी हें गजानें वाजणारें वाद्य घेऊन येई आणि कुळाची कथा गाई. त्या कथेंत सनावळी नसते. कुळ कोठून निघालें, त्याचा देव कोणता आणि भाऊबंद कोण, हें तींत सांपडतें. पैनगंगेपलीकडील आदिलाबादच्या गोंडांत राहून १९४० नंतरच्या दशकांत हायमेनडॉर्फ या पंडितानें हीं कुळें व त्यांच्या कथा लिहून घेतल्या. त्याचा ग्रंथ १९४८ सालीं निघाला.

पुढें कागदाला वेगळेंच महत्त्व आलें. अनुसूचित जमातींच्या आरंभींच्या यादींत या जिल्ह्यांतील केळापूर, वणी व यवतमाळ हेच तालुके होते. ही तालुक्यांची मर्यादा १९७६ च्या कायद्यानें दूर झाली. आतां जमातीच्या दाखल्यासाठीं नातवाला आजोबांच्या शाळेचा दाखला अथवा कोतवाल बुकांतील जन्ममृत्यूची नोंद शोधावी लागते. ज्याच्या पूर्वजांनीं शाळेचें तोंड पाहिलें नाहीं, त्याला कुळ पाठ असूनहि कागदापुढें थांबावें लागतें. एका ओळीच्या नोंदीवर मुलाचें शिक्षण अवलंबून राहतें.

वह्यांतील नांवें जीर्ण झालीं तरी उतरून घेतां येतात. किंगरीवरचें कुळ मात्र गाणाराच्या कंठांतच असतें, आणि असे कंठ आतां थोडे उरले आहेत. पूर्वजांचा शोध घेणारानें स्वतःची वंशावळ पुरी करतांना शेजारच्या पाड्यावरील एखाद्या वृद्ध परधानासमोरहि वही उघडून बसावें. त्याचें गाणें त्याच्यासह गेलें, तर तें पुन्हां कोणत्याहि दप्तरांत सांपडणार नाहीं.