महिनाभराची वाट: धर्मगुरूच्या घडणीतील एक विसरलेली परीक्षा

बुलढाणा जिल्ह्यातील शेगावहून संत गजानन महाराजांची पालखी दर वर्षी आषाढीसाठी पंढरपूरला निघते. सातशे किलोमीटरांहून अधिक अंतर, सुमारे महिनाभराची चाल, आणि माघारीही पायीच. हाच जिल्हा १९५५ साली स्थापन झालेल्या कॅथलिक अमरावती धर्मप्रांतात मोडतो. या दोन गोष्टी एका दमात का सांगाव्यात, असे कोणी विचारील. कारण असे की, महिनाभर पायी चालणे ही कॅथलिक धर्मगुरूच्या घडणीतीलही एक जुनी परीक्षा आहे. आजचा धागा तिच्याविषयी.

आरंभ स्पेनमध्ये होतो. १५२१ साली पांप्लोनाच्या लढाईत इग्नेशियस लोयोला या सरदाराच्या पायावर तोफगोळा आदळला. अंथरुणावर पडल्या पडल्या त्याचे मन पालटले. पुढल्या वर्षी माँटसेराटच्या देवालयात त्याने तलवार ठेवली, अंगावरची उंची वस्त्रे एका भिकाऱ्याला दिली आणि जाडेभरडे कापड पांघरून तो चालू लागला. १५२३ मध्ये भिक्षा मागत तो जेरुसलेमला पोहोचला. आयुष्यभर तेथेच राहण्याचा त्याचा निश्चय होता. परंतु तेथील पवित्र स्थळांची व्यवस्था पाहणाऱ्या फ्रान्सिस्कन साधूंनी त्याला परत पाठवले. यात्रा एका अर्थी फसली. परतल्यावर, वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी, हा माणूस बार्सिलोनात लहान मुलांबरोबर लॅटिनचे व्याकरण शिकायला बसला! उतारवयात त्याने आपली जीवनकथा सांगितली, तीत ‘मी’ हा शब्द टाळला आहे. सर्वत्र तो स्वतःला ‘यात्रिक’ म्हणतो.

१५४० साली पोपची मान्यता मिळालेल्या येशूसंघाच्या घटनेत त्याने हा अनुभव नियम म्हणून घातला. नव्याने येणाऱ्या उमेदवारासाठी सहा कसोट्या सांगितल्या आहेत. महिनाभराची ध्यानसाधना, रुग्णालयातील सेवा, घरातील हलकी कामे यांच्या जोडीला एक महिना खिशात पैसा न ठेवता, दारोदार भिक्षा मागत यात्रा करायची. हेतूही स्पष्ट लिहिला आहे: वाईट जेवणाची व वाईट झोपेची सवय व्हावी, पैशावरची भिस्त सुटावी आणि सारा भार निर्मात्यावर टाकता यावा. माधुकरीची परंपरा असलेल्या आपल्या प्रदेशात याचे फारसे नवल वाटणार नाही. मात्र एक बारकावा ध्यानात घ्यावा. येथे तीर्थाचे नाव गौण आहे. उपाशीपोटी परक्याच्या उंबऱ्यावर उभे राहणे हाच खरा पाठ.

त्याच शतकात उलट दिशेचाही एक निर्णय झाला. १५६३ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने प्रत्येक धर्मप्रांतात गुरुविद्यालय असावे असा ठराव केला. अर्धशिक्षित धर्मगुरूंमुळे झालेली हानी पाहता ते आवश्यकच होते. पण त्यामुळे उमेदवार भिंतीआड गेला. वेळापत्रक, ग्रंथ, प्रार्थनागृह, भोजनगृह! ज्याला दोन्ही वेळचे ताट न मागता मिळते, त्याने भुकेलेल्यांना विश्वास कसा शिकवावा, हा प्रश्न तेव्हापासून उभा आहे, आणि माझ्या मते तो भाविकतेचा नसून प्रामाणिकपणाचा आहे.

गोमंतकाने त्याला एक उत्तर दिले. बाणावलीत १६५१ साली जन्मलेले जोसेफ वाझ १६७६ मध्ये धर्मगुरू झाले. डच सत्तेने श्रीलंकेत कॅथलिक धर्मगुरूंना बंदी केली होती. १६८७ साली वाझ दरिद्री भटक्याच्या वेषात तेथे उतरले. १७११ मध्ये कँडी येथे त्यांचा देहान्त झाला आणि २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संतपद दिले. याच कँडीत पोप लिओ तेरावे यांनी १८९३ साली भारतीय धर्मगुरू घडवण्यासाठी गुरुविद्यालय स्थापले. १९५५ मध्ये ते पुण्यास आले.

पुण्यास आले म्हणजे ते वारीच्या वाटेवर आले. ग्यि देल्यूरी हे फ्रेंच येशूसंघीय त्या दशकात या वाटेवर चालत होते. त्यांनी तुकोबांचे अभंग फ्रेंचमध्ये नेले आणि १९५६ च्या त्या ग्रंथाला नाव दिले ‘यात्रिकाची स्तोत्रे’. ज्या संघाचा संस्थापक स्वतःला यात्रिक म्हणवीत असे, त्यातील माणसाने तुकोबांसाठी हाच शब्द निवडावा! १९६० साली डेक्कन कॉलेजने त्यांचा विठ्ठल-संप्रदायावरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात आळंदी ते पंढरपूर पालखीचे वर्णन आहे: दिंड्यांचा क्रम, मुक्काम, भजन. ते ज्ञानोबांच्या पालखीबरोबर गेले ते अभ्यासक म्हणून. घटनेतील ती सक्तीची यात्रा हीच असे म्हणणे चुकीचे ठरेल, आणि त्यांच्या अंतरंगाविषयी तर्क लढवण्याचा अधिकार आपल्याला नाही. तरीही माणूस पुस्तकातून वारी जाणून घेऊ शकला असता. ते चालत गेले.

दिंड्यांतील जातिभेदाकडे त्यांनी काहीशा सौम्य नजरेने पाहिले. इरावती कर्वे यांना मात्र ‘वाटचाल’ लिहिताना एकाच वाटेवरच्या वेगळ्या पंगती सलत होत्या. मला इरावतीबाईंचे पटते. पाहुण्याला जे सुसह्य वाटते ते घरच्या माणसाला तसे वाटत नाही.

२८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने एकाच दिवशी दोन दस्तऐवज जाहीर केले. एक धर्मगुरूंच्या प्रशिक्षणावर, दुसरा अन्य धर्मांशी असलेल्या नात्यावर. त्यात इतर धर्मांतील जे सत्य व पवित्र आहे ते चर्च नाकारीत नाही, असे म्हटले होते. देल्यूरी पालखीबरोबर चालले तेव्हा असा कोणताही कागद त्यांच्या हाती नव्हता.