माघारी पाठवण्याची चाल

सीएसएमटीहून गोरेगावला निघालेली हार्बर लोकल पहिल्यांदा थांबते ती मशीद स्थानकावर. ज्या मशिदीवरून या स्थानकाला नाव पडले असे सांगतात, ती मुसलमानांची नव्हे, ज्यूंची. कोकणातून आलेले मराठी बोलणारे बेने इस्राएल आपल्या सिनेगॉगला मशीदच म्हणत. सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल इझिकेल दिवेकर, हे इंग्रजांच्या फौजेतले अधिकारी. टिपूच्या कैदेतून जिवंत सुटलो तर देवाचे घर बांधीन, असा त्यांचा नवस होता अशी समाजातली आठवण आहे. 1796 मध्ये मांडवीत त्यांनी शआर हारहामीम हे सिनेगॉग बांधले. सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळ हे प्रार्थनास्थळ मुंबईच्या अतिशय दाट वस्तीत उभे आहे. इतका शेजार लाभूनही कुणाला आपल्या धर्मात ओढणे या समाजाने आपले काम मानले नाही.

उलट ज्यू परंपरेत एक चाल आहे. परका माणूस आपण होऊन दारात आला, मला ज्यू व्हायचे आहे म्हणाला, तर त्याला आधी परत पाठवायचे. पुन्हा आला तर पुन्हा पाठवायचे. तिसऱ्यांदाही तेच. एवढे होऊनही तो हटला नाही, तर मात्र दार उघडायचे. या चालीचे पहिले अर्धे सर्वांना ठाऊक असते, दुसरे अर्धे सहसा कुणी सांगत नाही. कोकणातल्या ज्यूंच्या वाट्याला जे आले, त्याचे मूळ या दोन अर्ध्यांच्या ताटातुटीत आहे.

चालीचा उगम रूथच्या कथेत दाखवतात. मवाब देशातली ही विधवा सून, आपल्या सासूबरोबर, नामीबरोबर, बेथलेहेमला निघाली. नामीने दोन्ही सुनांना माहेरी परत जा म्हणून पुन्हा पुन्हा विनवले. दुसरी वळली, रूथ वळली नाही. पुढे तिच्याच वंशात दावीद राजा जन्मला. मिद्राश, म्हणजे पवित्र ग्रंथांवरची विवरणे, रचणाऱ्या रब्बींनी नामीचे 'परत जा' मोजले, ते तीन भरले. त्यावरून त्यांनी नियम सांगितला, की येणाऱ्याला तीनदा माघारी धाडावे आणि तरी तो टिकला तर त्याला घ्यावे. ज्या वंशातून मसीहा यायचा, त्या वंशाची आजी परक्या कुळातली आहे, हे या लोकांनी कधी लपवले नाही. शावुओथच्या सणाला रूथचे पुस्तक आजही सिनेगॉगमध्ये वाचले जाते.

तालमूद या रब्बींच्या धर्मशास्त्रग्रंथातल्या येबामोथ या भागात प्रत्यक्ष कार्यपद्धती सापडते, आणि तिच्यात तीन नकारांचा आकडा नाही. तिथे फक्त विचारणा आहे. आलेल्याला विचारायचे, बाबा, का आलास? इस्राएल आज गांजलेले, हाकललेले, छळलेले आहे हे तुला माहीत नाही का? माहीत आहे आणि त्यांच्यात सामील होण्याची माझी योग्यताही नाही, असे तो म्हणाला, तर त्याला लगेच स्वीकारायचे. मग काही सोप्या आणि काही अवघड आज्ञा सांगायच्या. शेतात गळालेली कणसे गरिबांसाठी सोडायची, ही आज्ञा त्यांत आवर्जून येते. फार धमकवायचेही नाही, फार खोदायचेही नाही. त्यानंतर पुरुष असेल तर सुनता, मग तेविला म्हणजे पाण्यात पूर्ण बुडी. साक्षीला तिघांचे न्यायमंडळ. पाण्यातून वर आलेला माणूस सर्व बाबतींत इस्राएली ठरतो.

पण हे धोरण पहिल्यापासून इतके सावध नव्हते. इसवी सनापूर्वी 125च्या आसपास योहान हिर्कानस या ज्यू सत्ताधीशाने इदोम प्रांत जिंकला आणि तिथल्या लोकांना ज्यू व्हा नाहीतर देश सोडा असे फर्मावले. इतिहासकार जोसेफसने ही हकिगत नोंदवून ठेवली आहे. नंतर रोमनांच्या बाजूने यहूदियावर राज्य करणारा हेरोद याच इदोमी घराण्यातला. पहिल्या शतकात आजच्या इराकच्या उत्तरेकडील आदियाबेन राज्याची राणी हेलेना आणि तिचा मुलगा इझातेस स्वखुशीने ज्यू झाले. चौथ्या शतकाअखेर येमेनमधल्या हिम्यारच्या राजांनी ज्यू धर्म जवळ केला. म्हणजे दार एके काळी बरेच उघडे होते.

हिल्लेल आणि शम्माय या दोन गुरूंची गोष्ट दार उघडे होते त्या काळातली. एका पायावर उभा आहे तेवढ्या वेळात सगळा धर्मग्रंथ शिकवा, अशी अट घालून एक परका आला. शम्मायने हातातल्या गवंड्याच्या मोजपट्टीने त्याला हाकलले. हिल्लेलने मात्र ठेवून घेतले. तुला जे नको वाटते ते दुसऱ्याला करू नकोस, बाकी सारे त्यावरचे भाष्य आहे, जा आणि शीक, एवढेच त्याने सांगितले. रब्बींची परंपरा दोघांनाही गुरू मानते, पण या गोष्टीत तिचा कल हिल्लेलकडे आहे. तो ज्याने ओळखला नाही, त्याला पुढचा इतिहास कळायचा नाही.

दार लोटले गेले ते बरेचसे बाहेरून. रोमन सम्राट अँटोनायनस पायस याने ज्यूंना आपल्या मुलांची सुनता करू दिली, इतरांची करण्यास मनाई केली. कॉन्स्टंटाइनने 315 मध्ये ज्यू धर्मात जाणाऱ्यांना शिक्षा ठरवली. मुसलमानी राज्यांतही ज्यूंना आपला धर्म पाळण्याची मुभा होती, मुसलमानाला त्यात घेण्याची नव्हती. 1539 मध्ये पोलंडच्या क्राकूव शहरात काताझिना वैग्लोवा ही वृद्ध बाई ज्यू मताला लागल्याच्या आरोपावरून जाळली गेली. अशा जगात दारातल्या माणसाला 'परत जा' म्हणणे म्हणजे त्याचाही जीव वाचवणे होते आणि वस्तीचाही.

ही आग कोकण किनाऱ्यालाही लागली. आज गोरेगाव जिथे आहे ते साष्टी बेट 1534 मध्ये पोर्तुगीजांकडे गेले. शेजारचे मुंबई बेट पोर्तुगालच्या राजाकडून खंडाने घेतले होते वैद्य गार्सिया द ओर्ता यांनी. 1563 मध्ये गोव्यात छापलेला त्यांचा औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ वैद्यकाच्या इतिहासात अजून मानाने उल्लेखला जातो. ओर्ता जबरीने ख्रिस्ती झालेल्या ज्यू घराण्यातले. 1568 मध्ये ते वारले. पुढच्याच वर्षी त्यांची बहीण कातारीना हिला छुपी ज्यू ठरवून गोव्याच्या इन्क्विझिशनने जिवंत जाळले. 1580 मध्ये ओर्तांची हाडे उकरून तीही जाळली. धर्म बदलायला लावणे आणि मग बदल खरा आहे का हे घरात शिरून तपासणे, याचे टोक काय असते ते या एका घराण्याने दोनदा भोगले.

दुसऱ्यांना न बोलावण्यामागे केवळ भीती होती असे मात्र नाही. नोहाच्या सर्व वंशजांसाठी, म्हणजे साऱ्या मानवजातीसाठी, सात आज्ञा आहेत असे रब्बी मानतात. खून नको, चोरी नको, न्यायालये असावीत, अशा त्या आज्ञा. मूर्तिपूजेला त्यांत मनाई आहे, त्यामुळे हिंदू शेजाऱ्यांच्या संदर्भात हा विचार ताणला जातो हे खरे. तरी परक्यांमधल्या सज्जनांनाही येणाऱ्या जगात वाटा आहे, हे तोसेफ्ता या रब्बींच्या जुन्या ग्रंथात स्वच्छ लिहिले आहे. शेजाऱ्याचे भले व्हायला त्याने ज्यू होण्याची गरज नसेल, तर प्रचारकांची फौज कशाला लागावी?

आणि जो आत आला त्याचे काय? बाराव्या शतकात ओबद्या नावाच्या एका नवागताने थोर धर्मशास्त्री मायमोनिदीसला विचारले, प्रार्थनेत 'आमच्या पूर्वजांचा देव' हे शब्द मी उच्चारू का? माझे पूर्वज तर वेगळे. मायमोनिदीसने उत्तर धाडले की उच्चार, एका अक्षराचाही फेरफार करू नकोस, जो या धर्मात आला त्याचा बाप अब्राहाम. नवागताला त्याच्या जुन्या कुळाची आठवण करून देणे हा तर तालमूदने अपराध मानला आहे.

हे शास्त्र कोकणात पोहोचले नव्हते. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, ही बेने इस्राएलांची मूळकथा. ग्रंथ बुडाले, हिब्रू विसरली. उरले ते शब्बाथ, सुनता, खाण्याचे निर्बंध आणि शेमा ही एक प्रार्थना. तेल गाळायचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने नाव दिले शनवार तेली. पुढे दावीद रहाबी कोचीनकडून आले. त्यांनी बायकांपुढे निरनिराळे मासे ठेवले आणि बायकांनी खवले-पर असलेले तेवढे वेचून घेतले, त्यावरून त्यांनी या लोकांना ओळखले, असे परंपरा सांगते. झिराड, राजपूरकर आणि शापूरकर या तीन घराण्यांतल्या पुरुषांना त्यांनी शिकवून काझी केले. काझी लग्न लावत, तंटे मिटवत. पण परक्याला रीतसर आत घेणारे रब्बींचे न्यायमंडळ अलिबागच्या अष्टागरात कुठून येणार?

त्याची किंमत चुकवावी लागली ती 'काळे इस्राएल' म्हटल्या गेलेल्यांना. बेने इस्राएल पुरुष आणि इतर जातीच्या स्त्रिया यांची ही संतती, असे 'गोरे' म्हणवणारे बाकीचे बेने इस्राएल समजत. शब्बाथ दोघांचा एक, देव एक, पण रोटीबेटी व्यवहार नाही. गावच्या जातिव्यवस्थेत राहून इथल्या ज्यूंनी तिची कुंपणे आपल्या अंगणातही घातली. शास्त्रात या मुलांसाठी वाट होती, तिघांपुढे तेविला घ्यायची आणि पुरते इस्राएली व्हायचे. ती दाखवणारे कोणी नव्हते, आणि नंतर ती कळली तेव्हाही जातीची सवय लवकर सुटली नाही. याचे समर्थन करता येत नाही. कोचीनमध्येही मुक्त केलेल्या गुलामांच्या वंशजांना 'परदेशी' नावाच्या सिनेगॉगमध्ये बरोबरीची जागा नव्हती. विसाव्या शतकात वकील अब्राहम बराक सालेम यांनी त्याविरुद्ध गांधींच्या मार्गाने सत्याग्रह केला.

एकोणिसाव्या शतकात तर बोलावणे उलट दिशेने आले. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी 1832 मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण छापले, तेही मुख्यतः बेने इस्राएलांसाठी. मिशनच्या शाळांत त्यांची मुले शिकू लागली, जुना करार मराठीत वाचू लागली. हेतू त्यांना ख्रिस्ती करण्याचा होता. ख्रिस्ती झाले अगदी थोडे. बाकीच्यांनी ते हिब्रू उचलले आणि त्याच्या आधारे आपला विसरलेला धर्म परत मिळवला. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी प्रार्थनांची मराठी भाषांतरे केली. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी 1875 मध्ये समाजाची शाळा काढली आणि पुढे समाजाचा इतिहास लिहिला. 1874 मध्ये पुण्यात छापलेल्या वल्हांडणाच्या हग्गादात, म्हणजे त्या सणाच्या रात्री वाचायच्या पोथीत, तर नऊवारी नेसलेल्या बायका बेखमीर भाकरी करताना दिसतात. 1880च्या सुमारास कीर्तनही आले. हरिदासांची पद्धत, पूर्वरंग-उत्तररंग, साकी-दिंडी, आणि आख्यान अब्राहामाचे किंवा मोशेचे. शेजाऱ्याची सर्वांत प्रभावी प्रचारकला या समाजाने घेतली आणि ती वापरली आपल्याच माणसांना जागे करायला. हिंदू श्रोता आला तर त्याने खुशाल बसावे, पण त्याला वळवण्यासाठी एक पदही रचायचे नव्हते. माघारी पाठवण्याच्या चालीचे इतके सुंदर मराठी रूप दुसरे सापडणार नाही.

1948 नंतर बहुतेकजण इस्राएलला गेले आणि तिथे त्याच चालीचा उंबरठा त्यांच्यापुढे आला. 1961 मध्ये मुख्य रब्बी मंडळाने बेने इस्राएल ज्यू असल्याचे मान्य केले. पण 1962 मध्ये मुख्य रब्बी यित्झाक निस्सीम यांच्या काळात सूचना निघाल्या. बेने इस्राएल वधू किंवा वर असेल तर आईकडच्या पिढ्या मागे नेता येतील तितक्या मागे नेऊन तपासा आणि शंका वाटली तर तेविला घ्यायला लावा. पिढ्यान्पिढ्या शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्यांच्या नातींना लग्नासाठी धर्मांतराचा विधी सांगितला गेला. 1964च्या उन्हाळ्यात कोकणी कुटुंबांनी जेरुसलेममध्ये ठिय्या दिला. ऑगस्टमध्ये पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांच्या सरकारने आणि क्नेसेटने, म्हणजे संसदेने, बेने इस्राएल सर्व बाबतींत ज्यू असल्याचे जाहीर केले. त्याच महिन्याच्या अखेरीस रब्बी मंडळाने सूचनांतून या समाजाचे नाव काढून टाकले. पाण्याची बुडी या लोकांना वर्ज्य नव्हती. ते बाहेरचे होते असे कबूल करून बुडी घेणे त्यांना अमान्य होते, आणि ते बरोबर होते.

मिझोराम-मणिपूरच्या बेने मेनाशेंचा प्रश्न वेगळा होता. त्यांनी विसाव्या शतकात स्वतःहून ज्यू आचार धरला आणि आम्हांला आत घ्या म्हणून वर्षानुवर्षे दार ठोठावले. 2005 मध्ये मुख्य रब्बी श्लोमो अमार यांनी त्यांना इस्राएलाचे वंशज म्हणून मान्यता दिली, मात्र पूर्ण धर्मांतर हवे ही अट घालून. ती त्यांनी आनंदाने पत्करली. त्याच सप्टेंबरात रब्बींचे न्यायमंडळ मिझोरामला आले आणि दोनशेवर लोकांना तेविला देऊन गेले. परदेशी धर्मगुरूंनी येऊन धर्मांतरे करण्याला भारत सरकारने हरकत घेतली, तेव्हा हे काम इथे थांबले. त्यानंतरच्या बेने मेनाशेंना आपली बुडी देशाबाहेर, बहुतेकांना इस्राएलला पोहोचल्यावर घ्यावी लागली.