उतरत्या वयाचा खेळाडू आणि त्याचे प्रेक्षक

श्रोते हो, म्हातारा झालेला बैल विकावा की दावणीला ठेवावा, हा प्रश्न शेतकऱ्याला नवा नाही. हिशेबाची वही एक सांगते आणि मन दुसरंच सांगतं. आजचा आपला विषय फुटबॉलचा असला, तरी प्रश्न याच जातीचा आहे. खेळाडूचं वय झालेलं आहे, गुडघा दुखावलेला आहे, त्याच्याहून चपळ तरुण रांगेत उभे आहेत. आणि तरीही हजारो लोक त्याच्याच नावाचा घोष करतात. याला वेड म्हणायचं की शहाणपण? इतिहासातली दोन उदाहरणं घेऊन आपण याचा विचार करू.

पहिलं उदाहरण इंग्लंडमधलं. तिथल्या स्टोक या शहराचं पोट चिनी मातीच्या भांड्यांच्या कारखान्यांवर आणि कोळशाच्या खाणींवर चालत असे. याच शहराच्या हॅन्ली या भागात 1 फेब्रुवारी 1915 रोजी स्टॅन्ली मॅथ्यूज यांचा जन्म झाला. वडील न्हावी आणि नावाजलेले मुष्टियोद्धे. मुलगा मात्र फुटबॉलकडे वळला आणि स्टोक सिटी या क्लबात दाखल झाला. मैदानाच्या उजव्या कडेने चेंडू पायाशी खेळवत जायचं आणि समोरच्याला हुलकावणी देऊन निसटायचं, ही त्यांची खासियत.

1938 साली त्यांनी क्लब सोडण्याची परवानगी मागितली. बातमी शहरात पसरली मात्र, लोकांनी सभा भरवली. सभागृहात सुमारे तीन हजार माणसं आणि बाहेर आणखी गर्दी! मागणी एकच, आमचा माणूस आम्ही जाऊ देणार नाही. मॅथ्यूज राहिले.

इथं एक गोष्ट शिक्षकबंधूंनी विशेष लक्षात घ्यावी. त्या काळी इंग्लंडमध्ये खेळाडूच्या पगारावर कमाल मर्यादा होती. 1961 च्या जानेवारीत ती उठली, तेव्हा ती आठवड्याला अवघी 20 पौंड होती. शिवाय करार संपला तरी क्लबच्या परवानगीवाचून दुसरीकडे जाता येत नसे. म्हणजे ज्याच्यासाठी मैदान भरे, त्याच्या हाती त्या उत्पन्नातला लहानसाच वाटा येई. प्रेक्षकांना तो आपल्यासारखाच मजुरीवर राबणारा वाटे, यात नवल ते काय?

1947 साली, वयाच्या 32 व्या वर्षी, स्टोकने त्यांना 11,500 पौंडांना ब्लॅकपूल क्लबाकडे दिलं. आता हा गडी किती दिवस खेळणार, असा अनेकांचा होरा होता. तो खोटा ठरला. ब्लॅकपूलने 1948 आणि 1951 अशा दोन वेळा इंग्लंडच्या मोठ्या चषकाचा अंतिम सामना गमावला. 1953 साली तिसरी संधी आली, तेव्हा मॅथ्यूज 38 वर्षांचे होते, आणि ज्यांचा ब्लॅकपूलशी काडीचा संबंध नव्हता असे लोकही त्यांच्यासाठी देव पाण्यात घालून बसले होते. शेवटची वीसबावीस मिनिटं उरली असताना ब्लॅकपूल एकाविरुद्ध तीन गोलांनी मागे होतं. सामना संपला तेव्हा ते तीनाविरुद्ध चार गोलांनी जिंकलं होतं. तीन गोल मॉर्टेन्सन यांनी केले. पण लोक आजही त्या सामन्याला मॅथ्यूज यांच्याच नावाने ओळखतात.

खरी गंमत पुढेच आहे. 1961 साल उजाडलं. स्टोक क्लब दुसऱ्या विभागात घसरलेला, मैदान ओस पडू लागलेलं. अशा वेळी त्यांनी कोणाला आणावं? 46 वर्षांच्या मॅथ्यूज यांना! ऑक्टोबरमध्ये ते परत आले. त्याआधीच्या घरच्या सामन्याला आठ हजारांच्या आसपास प्रेक्षक होते. त्यांच्या पुनरागमनाच्या सामन्याला ते सुमारे छत्तीस हजार झाले. मे 1963 मध्ये ल्यूटनविरुद्ध, 48 वर्षांच्या या गृहस्थांनी गोल केला आणि स्टोक पहिल्या विभागात परतलं. पुढच्या हंगामात दुखापतीने त्यांना बहुतेक काळ बाहेर बसवलं. अखेर 6 फेब्रुवारी 1965 रोजी, पन्नाशी उलटून पाच दिवस झाल्यावर, ते पहिल्या विभागातला शेवटचा सामना खेळले. तरीही आपण जरा लवकरच थांबलो, असं त्यांना पुढे वाटत राहिलं!

या लोकांना त्यांचा वेग मंदावलेला दिसत नव्हता का? चांगला दिसत होता. पण भट्टीशी आणि खाणीत राबणाऱ्या त्या माणसांची फुप्फुसं धुळीनं निकामी होत. राबून राबून शरीर झिजतं म्हणजे काय, हे त्यांना कोणी समजावून सांगायला नको होतं. तरुणपणी ज्याला पाहिलं, तो आपल्याबरोबरच म्हातारा होत होता. त्याची मंद झालेली चाल त्यांनी स्वतःच्या पायांवरून ओळखली असावी, असं मला वाटतं.

परंतु प्रेक्षकांच्या निष्ठेची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. तिच्यासाठी ब्राझीलला जाऊ. कापड गिरणीच्या पाव ग्रांदे या गावी 1933 साली गारिंचा जन्मले. दोन्ही पाय वाकडे, एक आखूड. तरीही 1958 आणि 1962 असे दोन विश्वचषक ब्राझीलने जिंकले, त्यात त्यांचा मोठा वाटा. 1962 मध्ये पेले जखमी होऊन बाहेर बसले, तेव्हा संघाचा भार गारिंचा यांनीच वाहिला. लोक त्यांना ‘जनतेचा आनंद’ म्हणत.

पण त्या वाकड्या पायांचे गुडघे झिजत चालले होते. दुखणाऱ्या गुडघ्यात सुई टोचून त्यांना मैदानात उतरवलं जाई. 1964 साली शस्त्रक्रिया झाली. पूर्वीचा खेळ काही परत आला नाही. मद्याने उरलंसुरलं नेलं. 19 डिसेंबर 1973 रोजी रिओच्या माराकाना मैदानावर त्यांच्या मदतीसाठी निरोपाचा सामना झाला. एक लाख तीस हजारांच्या आसपास लोक लोटले. त्या दिवसाचं प्रेम खरं होतं, यात शंका नाही. परंतु 20 जानेवारी 1983 रोजी, अवघ्या 49 व्या वर्षी, ते यकृताच्या विकाराने गेले आणि अंत्ययात्रेला पुन्हा अलोट गर्दी झाली.

श्रोते हो, दोन्हीकडे गर्दी सारखीच होती, माया सारखीच होती. फरक कुठे पडला? मॅथ्यूज मद्याला शिवत नसत, रोज पहाटे व्यायाम करीत. स्वतःची निगा त्यांनी स्वतः राखली. गारिंचा यांना ते जमलं नाही, आणि ज्यांना त्यांच्या खेळावर पैसा मिळत होता त्यांनी ते करून दिलं नाही. दुखऱ्या गुडघ्यासह ‘अजून एकदा खेळ’ म्हणणारी निष्ठा आणि ‘बस आता, तू केलंस ते आम्ही विसरणार नाही’ म्हणणारी निष्ठा, या दोन वेगळ्या आहेत. पहिलीत आपली हौस असते. दुसरीत त्या माणसाची काळजी असते.

फेब्रुवारी 2000 मध्ये मॅथ्यूज वारले, तेव्हा सुमारे एक लाख लोक स्टोकच्या रस्त्यांवर उभे होते. क्लबच्या नव्या मैदानात, मधल्या वर्तुळाखाली त्यांच्या अस्थी ठेवल्या आहेत. त्या गर्दीत असे कितीतरी असतील, ज्यांनी त्यांना खेळताना कधी पाहिलंच नव्हतं. बापाच्या किंवा आजोबाच्या तोंडून ऐकलं होतं, तेवढंच.

शिक्षकमित्रांनो, मुलांना विजयांच्या तारखा आपण सांगतोच. त्यांच्या जोडीला एक प्रश्नही विचारून पाहा. आपल्या गावचा जो खेळाडू आता खेळू शकत नाही, तो सध्या काय करतो? त्याच्या दुखऱ्या पायाकडे कोण पाहतं? मुलं उत्तर शोधायला निघाली, तर इतिहासाचा एक चांगला धडा ती पुस्तकाबाहेर शिकतील.