प्रोटोकॉल गेटवे म्हणजे काय? इमारतीतल्या वेगवेगळ्या 'भाषां'च्या यंत्रांना तो कसा जोडतो?

एखादी मोठी ऑफिसची इमारत डोळ्यांसमोर आणा. तळघरात सेंट्रल एसीचा चिलर, मजल्या-मजल्यावर वीज मीटर, गच्चीवर पंप. ही यंत्रं बऱ्याचदा वेगवेगळ्या कंपन्यांची असतात आणि त्यांची 'भाषा' म्हणजेच प्रोटोकॉलही वेगळा असतो. कंट्रोल रूममधल्या एकाच स्क्रीनवर या सगळ्यांची माहिती आणायची, तर मध्ये दुभाषी लागतो. तोच प्रोटोकॉल गेटवे.

पण हा दुभाषी चुकला तर दरवेळी 'एरर' दिसेलच असं नाही. कधीकधी खरा वाटणारा, पण चुकीचा आकडा दिसतो. खरा धोका तिथेच आहे.

भाषा वेगळ्या का?

मॉडबस हा प्रोटोकॉल मॉडिकॉन कंपनीने १९७९ मध्ये कारखान्यांतल्या कंट्रोलरसाठी आणला. त्यात क्रमांक दिलेले कप्पे असतात, त्यांना रजिस्टर म्हणतात. रजिस्टरमध्ये फक्त आकडा असतो. तो तापमानाचा आहे की दाबाचा, हे मॉडबस सांगत नाही.

बॅकनेट हे मानक अमेरिकेतल्या 'अ‍ॅश्रे' या संस्थेने १९९५ मध्ये खास इमारतींसाठी प्रसिद्ध केलं. त्यात तापमानासारख्या मूल्यासोबत त्याचं नाव आणि एककही असतं. म्हणजे मॉडबसच्या आकड्याला अर्थ देण्याचं काम गेटवे सेट करणाऱ्याला करावं लागतं.

सेटिंग कसं करतात?

१. तार आणि पत्ता: मॉडबस आरटीयूमध्ये एका तारेवरच्या सर्व यंत्रांचा बॉड रेट (उदा. ९६०० किंवा १९२००) आणि पॅरिटी सारखी हवी. प्रत्येकाला १ ते २४७ मधला स्वतंत्र पत्ता लागतो.

२. रजिस्टरचा तक्ता: कोणतं रजिस्टर बॅकनेटमध्ये कोणत्या नावाने दिसेल, हे यंत्राचं मॅन्युअल पाहून भरतात. मॅन्युअलमध्ये ४०००१ असं छापलेलं रजिस्टर प्रत्यक्ष संदेशात ० क्रमांकाने मागवलं जातं. इथे एकाचा फरक पडला की शेजारच्या रजिस्टरचा आकडा येतो.

३. गुणक: अनेक यंत्रं २३.५ अंश तापमान २३५ असं पाठवतात. गेटवेमध्ये ०.१ ने गुणायला सांगावं लागतं.

४. मोठे आकडे: एका रजिस्टरमध्ये १६ बिट मावतात. त्यामुळे वीज मीटरचं ३२ बिटांचं रीडिंग दोन रजिस्टरमध्ये विभागलेलं असतं. त्यांचा क्रम उलटा लागला तर युनिटचा आकडा भलताच दिसतो.

५. बॅकनेटची बाजू: नेटवर्कवर प्रत्येक उपकरणाचा डिव्हाइस क्रमांक वेगळा हवा. यूडीपी पोर्ट मात्र सगळीकडे एकच ठेवतात, सहसा ४७८०८.

काम झाल्यावर काय तपासायचं?

प्रत्येक आकडा यंत्राच्या स्वतःच्या डिस्प्लेशी ताडून पाहा. मग मॉडबसची तार काही वेळ काढून ठेवा. स्क्रीनवर बिघाडाची खूण यायला हवी. जुनाच आकडा तसाच दिसत राहिला, तर चिलर बंद पडला तरी कंट्रोल रूमला कळणार नाही.

शेवटचं म्हणजे सुरक्षा. मूळ मॉडबसमध्ये पासवर्डची सोयच नाही. त्यामुळे गेटवे थेट इंटरनेटला जोडू नका. जिथे फक्त रीडिंग हवं आहे, तिथे आकडा बदलण्याची परवानगी बंदच ठेवा.